आईचं सील

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडात नळी धरून उभी होते. दातांचा डॉक्टर ड्रिल चालवतो, पेशंटच्या तोंडात पाणी साचतं, ते ओढून घ्यायला एक नळी असते आणि ती नळी धरायला एक बाई असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या आमच्या क्लिनिकमधली ती बाई म्हणजे मी. पुण्यात माझ्या नावाची पाटी होती, नावाच्या आधी ‘डॉ.’ होतं, आणि माझ्यासाठी नळी धरायला एक मुलगी होती. तिच्याशी मी जरा तोऱ्यातच वागायचे. त्याचीच ही फेड असेल, तर ती आता पुरे झाली असं माझं स्पष्ट मत होतं.

क्लिनिकमधला डॉक्टर पंचवीस वर्षांचा. मुलगा चांगला, पण घाईचा. कुठली दाढ किडलीय ते मला समजावून सांगायचा आणि मी मान डोलवायचे. कधीकधी ती दाढ किडलेली नसायची, शेजारची असायची. मग मी एक्सरेवर हळूच बोट ठेवायचे. ‘ओह. गुड पिकअप, चारू,’ असं म्हणून तो शेजारची उघडायचा. घरी येऊन मी भांडी जोरात घासायचे.

इथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर परीक्षा दोन. लेखी मी दोनदा दिली आणि दुसऱ्यांदा सुटले. राहिली प्रात्यक्षिकाची, ती मेलबर्नला. तिच्याआधी आठ आठवडे तिथेच राहून सराव करायचा, असं मी ठरवलं होतं. माझी कॉलेजातली मैत्रीण मंजिरी मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात राहते. तिने एक खोली रिकामी करून ठेवली होती. तारीख मिळाली होती, विमानाचं तिकीट काढलं होतं, क्लिनिकमध्ये रजा सांगितली होती. एकच अट उरली होती. माझ्या पुण्याच्या कॉलेजने माझ्या गुणपत्रिका एका सीलबंद पाकिटात घालून द्यायच्या आणि ते पाकीट न उघडता मी मेलबर्नला परीक्षा मंडळाच्या काउंटरवर द्यायचं. सील तुटलेलं चालणार नाही, हे वाक्य त्यांच्या पत्रात ठळक अक्षरांत होतं.

ते पाकीट मिळवायला माझ्या धाकट्या भावाने, गंधारने, कॉलेजात अकरा खेपा घातल्या. शेवटी फेब्रुवारीत कुरियर आलं. खाकी पाकीट, मागे गोंदाने चिकटवलेली पट्टी, पट्टीवर हिरव्या शाईतली सही, सहीवर जांभळा शिक्का, आणि सगळ्यावर कळस म्हणजे बंद्या रुपयाएवढं लाल लाखेचं सील. लग्नात माझा एवढा नट्टापट्टा झाला नव्हता.

मी स्वयंपाकघरात नाचले. अक्षरशः नाचले. गंधारला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, “आलं रे, माझं सील आलं! अगदी शाबूत आहे. आता मला कोणी अडवू शकत नाही. सील हातात आलं की मी चाललेच!” रुचा, माझी सात वर्षांची मुलगी, टेबलाशी बसून टोस्ट खात होती. ती पाकिटाला हात लावायला लागली तेव्हा मी तिला दटावलं, “अंहं! हे आईचं सील आहे. हे तुटलं तर आईला जाताच येणार नाही.” तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, शहाणी आहे पोरगी, एकदा सांगितलं की ऐकते.

रुचा शाळेतून सुटली की माझं काम संपेपर्यंत शेजारच्या मॉरागकडे असते. मॉराग एकोणऐंशीची आहे. स्कॉटलंडच्याही वर, उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत, तिथली. नवरा इथल्या सोन्याच्या खाणीत नोकरीला आला, त्याच्याबरोबर ही आली, शाळेत शिकवलं, नवरा गेला, ही राहिली. बोलताना तिचे ‘र’ घरंगळत जातात. घराभोवती लाल धूळ, खाणीत सुरुंग उडाला की कपबशा किणकिणतात, समुद्र चार तासांच्या ड्राइव्हवर. आणि ही बाई रोज दुपारी माझ्या मुलीला सीलच्या गोष्टी सांगते. सील म्हणजे तो समुद्रातला प्राणी, कुत्र्यासारख्या तोंडाचा, मिशा असलेला, खडकावर पडून ऊन खाणारा. आपल्या किनाऱ्याला तो नाही, म्हणून आपल्याकडे त्याला नावही नाही. आपणही त्याला सीलच म्हणतो.

धुक्यात हरवलेल्या होडीला वाट दाखवणारा सील, जाळ्यातून सोडवल्याची आठवण ठेवणारा सील, पोरांना पाठीवर बसवून बुडालेल्या गावात नेणारा सील. आमच्या फ्रीजवर सगळे रुचाने रंगवलेले करडे सील चिकटवलेले होते. कालगुर्लीत वाढणाऱ्या मुलीला भरती-ओहोटीच्या वेळा कळतात याचं मला कौतुकच वाटायचं. टाइमपास म्हणून त्या गोष्टी छान होत्या. त्यांत नक्की काय होतं, हे मी कधी बसून ऐकलं नव्हतं.

बुधवारी सकाळचं विमान. मंगळवारी मी बॅग भरायला घेतली. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली निळी फाइल काढली. फाइलमध्ये सगळं होतं, पासपोर्ट, लेखीचा निकाल, तिकीट. पाकीट नव्हतं.

पहिली पंधरा मिनिटं माणूस स्वतःलाच शिव्या घालतं. मी मेलीने दुसरीकडे ठेवलं असेल. मग मी कपाट रिकामं केलं. मग पलंगाखालच्या बॅगा. मग गाडी. मग पुस्तकं एकेक करून झटकली. बारा वाजेपर्यंत घराची अशी दशा झाली होती की चोर आले असते तर त्यांनी आवरायला मदत केली असती. हृषिकेश, माझा नवरा, खाणीत इंजिनिअर आहे. तो रात्रपाळी करून झोपला होता. मी त्याला गदागदा हलवून उठवलं.

“माझं पाकीट कुठंय?”

“कुठलं पाकीट?”

“कुठलं पाकीट! घरात दुसरं कुठलं पाकीट आहे?”

तो उठून बसला. डोळे चोळत त्याने खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मिळेल गं. आणि नाहीच मिळालं तर... सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा असते ना? तेव्हा जा. तोवर रुचाही जरा मोठी होईल. माझ्या शिफ्टा तुला माहीतच आहेत. आठ आठवडे म्हणजे चेष्टा नाही, चारू.”

हे वाक्य त्याच्या तोंडातून फार सहज आलं. आधीच तयार असल्यासारखं.

“तू लपवलंस?”

“काय?”

“सरळ विचारतेय. लपवलंस का?”

“वेडी आहेस का? मी तुझं पाकीट लपवीन?”

“नसशील लपवलं. पण हरवलेलं तुला चालणार आहे. हो की नाही?”

त्याने वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, “थोडंसं. मघाशी, अर्धवट झोपेत, एक सेकंद वाटलं की बरं झालं.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. खरं बोलला म्हणून आला, की ते खरं होतं म्हणून आला, ते सांगता येणार नाही. पण एक कबूल करते. त्यानंतर तो उठला तो माझ्यापेक्षा जास्त खपला. धुण्याचं मशीन पुढे ओढलं, कचऱ्याचा हिरवा डबा अंगणात उलटा केला, चाळीस डिग्रीच्या उन्हात गुडघ्यांवर बसून कागद चिवडले. पाकीट मिळालं नाही.

सव्वातीनला मी मॉरागकडे गेले. शाळेतून त्या दिवशी तीच रुचाला घेऊन आली होती. रुचाने कधी खाकी पाकीट इकडे आणलं का, एवढंच विचारायचं होतं. रुचा व्हरांड्यात रंगपेटी घेऊन बसली होती. मला बघितल्याबरोबर ती उठली आणि “आय नीड द टॉयलेट” म्हणून आत गेली.

पाकिटाचं ऐकून मॉरागने मान हलवली. पाकीट तिने पाहिलं नव्हतं. पण एक गोष्ट तिला सांगायची होती. ती इंग्रजीत बोलली, मी माझ्या मराठीत सांगते.

“गेला आठवडाभर ही पोर एकच गोष्ट मागतेय. कोळ्याच्या बायकोची.”

“कुठली गोष्ट?”

“सगळ्यांत जुनी. सील-बायका चांदण्यात किनाऱ्यावर येतात, अंगावरचं कातडं काढून ठेवतात आणि बाया होऊन नाचतात. एक कोळी एकीचं कातडं चोरतो. कातड्याशिवाय तिला समुद्रात परत जाता येत नाही. मग ती त्याच्याशी लग्न करते, घर सांभाळते, तिला मुलं होतात. बाई चांगली असते, पण समुद्राकडे बघत बसते. एक दिवस तिला ते कातडं सापडतं. ती ते अंगावर चढवते आणि जाते.”

“आणि मुलं?”

“मुलं किनाऱ्यावर. ती कधीतरी लाटांतून डोकं वर काढून त्यांना बघते. बस.”

बाहेर एक ट्रक धुरळा उडवत गेला. मॉराग पुढे म्हणाली, “रुचा रोज विचारते, कातडं फाटलं तर ती बाई राहते का? मी म्हटलं, असं मी कधी ऐकलं नाही. मग मला म्हणाली, माझ्या आईकडेपण एक आहे. मला वाटलं, खेळ आहे. इंडियाहून कुरियरने आलंय म्हणे.”

“काय आलंय?”

“सील,” मॉराग म्हणाली.

मी व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसले. मला स्वयंपाकघरात नाचणारी मी दिसले. माझं सील आलं. सील हातात आलं की मी चाललेच. आता मला कोणी अडवू शकत नाही. एकेक वाक्य मी मराठीत बोलले होते आणि मराठीत त्याचा अर्थ एकच होता. माझी मुलगी मराठी सगळं समजते, पण त्या वाक्यातला एक शब्द तिने इंग्रजीतून ऐकला आणि बाकी सगळं मराठीतून, आणि तिचा अर्थ माझ्या अर्थापेक्षा जास्त नीट जुळत होता.

“तो कोळी ते कातडं लपवतो कुठे?” मी विचारलं.

“कोणी म्हणतं छपरात. माझी आई सांगायची, पिठाच्या पेटीत.”

मी अशी धावले की चपला तिच्याच पायरीवर राहिल्या. आमच्याकडे कणीक पर्थहून येते, महिन्याला एकदा, ती आम्ही मोठ्या पिंपात ओततो. मी झाकण उघडून कोपरापर्यंत हात घातला. हृषिकेश दारात उभा राहून बघत होता, बायको कामातून गेली असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तळाशी बोटांना प्लास्टिक लागलं. सँडविचच्या झिपच्या पिशवीत पाकीट नीट घडी करून ठेवलेलं होतं. पीठ लागू नये म्हणून.

पाकिटाची पट्टी फाटलेली होती. लाखेचे दोन तुकडे झाले होते आणि लाल चुरा पिशवीच्या कोपऱ्यात साठला होता.

रुचा माझ्या मागोमाग आली होती. माझ्या चपला तिच्या हातात होत्या.

“तू केलंस हे?”

तिने मान डोलवली.

“का?”

“बिकॉज दे ऑल्वेज फाइंड इट,” ती म्हणाली. “लपवलं तरी सापडतंच. प्रत्येक गोष्टीत सापडतं. सो आय ब्रोक इट ॲज वेल. तू म्हणालीस ना, तुटलं तर जाता येणार नाही.”

मला तिचा भयंकर राग आला. खोटं कशाला बोलू. आई म्हणून आधी पोटात कालवाकालव व्हायला हवी, मला आधी राग आला. अकरा खेपा, सहा वर्षं, आणि एका दुपारी बोटाने पट्टी फाडून सगळं मातीत. मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. ती रडली नाही. हनुवटी वर करून उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघताना मला जाणवलं की हा हट्ट मी ओळखते. हा माझाच आहे. मला काहीतरी नको होतं तेव्हा मीही अशीच उभी राहायचे.

मी हात धुतले. घड्याळात पावणेचार. पुण्यात सव्वा वाजला होता, म्हणजे कुठल्याही ऑफिसात फोन करायची सगळ्यांत वाईट वेळ. मी गंधारला फोन केला.

“ताई, पुन्हा?” एवढंच तो म्हणाला आणि गाडी काढली.

मेलबर्नला कागद द्यायची शेवटची तारीख सोळा दिवसांवर होती. नवीन पाकिटाला कॉलेज पंधरा दिवस घेणार, वर कुरियरचे पाच. हिशोब माझ्या विरुद्ध होता. हृषिकेशने लॅपटॉप उघडला होता. “तिकीट रद्द करू का?” त्याने जपून विचारलं.

“नाही.”

“पण पाकिटाशिवाय तू तिथे जाऊन...”

“सराव तर करायचाच आहे. मी उद्या जाणार. सील मागून येईल.”

“आणि नाही आलं तर?”

“तर काउंटरवर उभी राहीन आणि त्यांच्याशी भांडेन. इथे बसून कोणाशी भांडू? तुझ्याशी?”

त्याने लॅपटॉप मिटला. मग फोन घेऊन अंगणात गेला. जाळीच्या दारातून मला ऐकू येत होतं. तो त्याच्या सुपरवायझरला सांगत होता की पुढचे आठ आठवडे त्याला फक्त दिवसपाळी हवी. पलीकडून काहीतरी कुरकुर झाली असावी. “नो, मेट,” हृषिकेश म्हणाला, “आय ॲम नॉट आस्किंग.” बारा वर्षांच्या संसारात मी त्याला वरिष्ठांशी असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

साडेपाचला गंधारचा फोन आला. तो रेकॉर्ड विभागातल्या सोनटक्के नावाच्या गृहस्थांसमोर बसला होता आणि त्याने फोन सरळ त्यांच्या हातात दिला.

“मॅडम, डुप्लिकेटला पंधरा दिवस लागतात,” सोनटक्के म्हणाले. “आणि अर्जात कारण लिहावं लागतं.”

“लिहा, मुलीने सील तोडलं.”

“असं नाही लिहिता येत.”

“मग गहाळ झालं लिहा.”

“गहाळ म्हटलं की पोलिसांचा दाखला लागतो.”

“सोनटक्के साहेब,” मी म्हटलं, “माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला वाटलं, सील तोडलं की आई जाणार नाही. म्हणून तोडलं. आता तुम्ही पंधरा दिवस लावलेत तर तिचं म्हणणं खरं होईल. ते मला खरं होऊ द्यायचं नाहीये. माझा भाऊ तुमच्यासमोर बसलाय. तो आज बसेल, उद्या बसेल, परवाही डबा घेऊन येईल.”

पलीकडे टाइपिंगचा आवाज थांबला. गंधार मागून काहीतरी बोलत होता त्याला त्यांनी हाताने गप्प केलं असणार.

“‘प्रवासात सील भंग’ असं लिहितो,” सोनटक्के म्हणाले. “परवा साडेअकराला यांना पाठवा. साहेबांची सही मी बघतो. आणि मॅडम, या वेळी पाकीट मुलीच्या हाती लागू देऊ नका.”

“या वेळी मेलबर्नच्याच पत्त्यावर पाठवा,” मी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर टेबलावर डोकं टेकून रडले. मग उठून पिंपातली कणीक चाळली. लाखेचा चुरा निघाला तर नको म्हणून दोनदा चाळली, आणि पोळ्या केल्या.

जेवताना मी रुचाला सगळं समजावलं. सील म्हणजे शिक्का. लाख म्हणजे काय, पूर्वी पत्रांवर कशी लावायचे, पाकिटात फक्त माझे मार्क आहेत. तिने शांतपणे ऐकलं.

“सो देअर वॉज नो फर?”

“नाही.”

“बट यू आर स्टिल गोइंग.”

“हो.”

ती पोळीचे तुकडे करत राहिली. माझ्या लक्षात आलं की एवढं समजावून मी तिला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. तिचा शब्द चुकला होता, बाकी काही चुकलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर रुचाची रंगपेटी आणायचं निमित्त काढून मी मॉरागकडे गेले. खरं म्हणजे भांडायला गेले होते. अजून उजेड होता. ती अंगणात गुलाबांना पाणी घालत होती.

“तुझ्या एवढ्या गोष्टी आहेत,” मी म्हटलं, “त्यात एकसुद्धा सील-आई परत येत नाही? एकसुद्धा?”

तिने नळ बंद केला आणि मनातल्या मनात सगळ्या गोष्टी तपासून बघितल्या. “नाही. एकही नाही,” ती म्हणाली. “पण एक लक्षात घे. त्या गोष्टी सगळ्या किनाऱ्यावर राहिलेल्यांनी सांगितल्या आहेत. सीलला कोणी विचारलेलं नाही.”

तीच पुढे बोलली. “मी चोवीस वर्षांची होते. आई धक्क्यावर उभी होती. मी म्हटलं, दोन वर्षांत येते. मग मूल झालं, मग दुसरं. तिच्या मयतीलाही पोचले नाही.” तिने पाण्याची नळी गुंडाळली. “तू परीक्षा दे. मी तीन वाजता रोज शाळेच्या फाटकाशी असेन. आणि गोष्टी बंद करायच्या असतील तर तसं सांग.”

“बंद नको,” मी म्हटलं. “ती होडीवाली सांग. धुक्यातली.”

सकाळी विमानतळावर खाणीत जाणाऱ्या-येणाऱ्यांची गर्दी होती, पिवळे शर्ट, धुळीचे बूट, हातात कॉफी. आमचा विमानतळ इतका छोटा की काचेचं दार उघडलं की समोर विमान. रुचा घरापासून एक शब्द बोलली नव्हती. हृषिकेशचा हात धरून ती खांबाला टेकून उभी होती. पर्थच्या विमानाची घोषणा झाली, तिथून पुढे मेलबर्न. मी हृषिकेशला म्हटलं, फोन करते. मग रुचासमोर खाली बसले. रात्री मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरायला झालं, आणि तोंडातून आपलं सवयीचंच निघालं.

“येते हं.”

तिने भुवया उंचावल्या. “यू मीन जाते,” ती म्हणाली. “यू आर गोइंग.”

“जाते म्हणायचं नसतं.”

“व्हाय?”

“आपल्यात जाणारं माणूस ‘येते’ म्हणतं. कोणी ‘जाते’ म्हणत नाही. मी क्लिनिकला निघताना काय म्हणते? बाबा पाळीला निघताना काय म्हणतो?”

तिने आठवून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. हे तिने आयुष्यभर ऐकलं होतं आणि आज पहिल्यांदा ऐकत होती.

“इव्हन इफ दे आर गोइंग फार?”

“लांब जाताना तर नक्कीच.”

“मग सीलची आई का नाही म्हणाली?”

हा प्रश्न तिने मराठीत विचारला. मला हसू आलं.

“तिला मराठी येत नव्हतं ना,” मी म्हटलं.

रांग पुढे सरकली. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने माझ्याकडे बघून हात केला. रुचाने बाबाचा हात सोडला, दोन पावलं पुढे आली आणि वर बघून हृषिकेशला विचारलं, “मग आपण काय म्हणायचं?”

“आपण म्हणायचं, ये,” हृषिकेश म्हणाला.

ती माझ्यासमोर सरळ उभी राहिली. हनुवटी काल होती तशीच वर.

“ये,” ती म्हणाली. निरोप कसला, हुकूमच होता तो.

मी बॅग उचलली आणि काचेच्या दारातून बाहेर विमानाकडे चालू लागले.